पश्चिमेची भिंत रात्री अकरालाही तापलेली: बाहेरून थर्माकोल लावायचे सात लाख, घालावेत का?

बाल्कनीतली_तुळस (५ एप्रिल, रात्री ११:२०)

नमस्कार मंडळी. घर सांगलीत, विश्रामबागला. तळमजला अधिक एक, १९९८ चं बांधकाम, नऊ इंची लाल विटेच्या भिंती. घर तीस बाय चाळीस. चाळीस फुटांची बाजू नेमकी पश्चिमेला आणि तिकडे मोकळा प्लॉट. पूर्वी तिथे कडुलिंब होता. दोन वर्षांपूर्वी तो गेला आणि आमचे हाल सुरू झाले.

वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या खोलीत सासूबाई झोपतात. आत्ता हे लिहिताना भिंतीला हात लावून आले. सूर्य मावळून साडेचार तास झालेत आणि भिंत अजून भाकरीच्या तव्यासारखी. बाहेर गार वारा सुटलाय, आत घामाच्या धारा. त्यांना एसी सोसत नाही, गुडघे धरतात.

पुण्याच्या एका ठेकेदाराला बोलावलं होतं. तो म्हणे, चारी भिंतींना बाहेरून दोन इंची थर्माकोलचे बोर्ड, त्यावर जाळी, त्यावर पातळ प्लास्टर आणि टेक्स्चर. क्षेत्रफळ अडीच हजार चौरस फूट, फुटाला २३० रुपये. परांचीचे फुटाला १२ वेगळे. वर १८ टक्के जीएसटी. एकूण ७ लाख १३ हजार ९००. यजमानांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "एवढ्यात आपण आईला तीन महिने महाबळेश्वरला ठेवू."

कुणी केलंय का असं? खर्च वसूल होतो का?

भडंग_विथ_कांदा (५ एप्रिल, ११:३४)

रुमाल टाकून ठेवतो. आमचीबी भिंत पश्चिमेलाच आहे.

यजमानपंथी (५ एप्रिल, ११:४१)

यजमानांशी सहमत. महाबळेश्वर.

शाहूपुरी_सातारा (६ एप्रिल, सकाळी ७:१०)

ताई, मी केलंय, त्यामुळे सविस्तर लिहितो. २०२३ मध्ये, साताऱ्यात, फक्त पश्चिमेची भिंत. ३१० चौरस फूट, सगळं धरून फुटाला २८५ पडले, म्हणजे ८८ हजार ३५०. काम छोटं की दर चढा, हे आधी लक्षात घ्या.

पहिल्या दिवशी बोर्डांचा टेम्पो आला तेव्हा गवंडी मला विचारतो, "गणपती अजून चार महिने लांब हायत की, आरास आत्ताच?" तिथेच मला शंका यायला हवी होती. बोर्ड नुसता चिकटवून भागत नाही, प्रत्येकाला भिंतीत ठोकायच्या छत्रीसारख्या खुंट्या लागतात. त्यानं दोन ओळींना मारल्या आणि बाकी "चिकटलंय चांगलं" म्हणून सोडून दिलं. खिडकीच्या चारी कोपऱ्यांवर जाळीचा जादा तुकडा तिरका लावायचा असतो, तो लावलाच नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर बरोब्बर कोपऱ्यातून तिरक्या चिरा. मग खालच्या कडेनं मुंग्या शिरल्या. थर्माकोल त्या खात नसतील, पण पोखरून आत वसाहत मात्र मस्त केली.

एवढं होऊनही खोलीत फरक आहे का? आहे, खूप आहे. संध्याकाळी भिंत आतून गार लागते. काम चांगल्या हातानं झालं असतं तर मी सुखी माणूस असतो.

सिव्हिलवाला_मिरज (६ एप्रिल, ९:०५)

शाहूपुरीकरांच्या गवंड्याचा दोष नाही. आपल्याकडे हे काम शिकवतो कोण त्याला?

मूळ प्रश्नावर येतो. तुळसताई, चार भिंतींचं कोटेशन देणाऱ्यानं तुमच्या घराचा नकाशा पाहिला असेल, आकाशाचा नाही. सांगली साधारण १६.८५ अक्षांशावर. मेच्या ६-७ तारखेला दुपारी सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. साताऱ्याला तोच दिवस १०-११ मेच्या सुमारास. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन पडतच नाही. एप्रिलच्या सुरुवातीलासुद्धा तो इतका वर असतो की दोन फुटी सज्जा नऊ फूट खालपर्यंत सावली पाडतो.

पश्चिमेचं तसं नाही. चार वाजता सूर्य तिरका येतो, सज्जाबिज्जा काही अडवू शकत नाही, भिंत नागडी भाजते. आणि नऊ इंची विटेतून उष्णता आत पोचायला सहा-आठ तास लागतात. म्हणून तुमची भिंत रात्री अकराला तव्यासारखी. ती आत्ताचं तापमान सांगत नाही, दुपारचं सांगते.

तेव्हा चारपैकी दक्षिण आणि उत्तर आधी यादीतून काढा. जवळजवळ निम्मं कोटेशन तिथेच गेलं.

भडंग_विथ_कांदा (६ एप्रिल, ९:२०)

"नकाशा पाहिला, आकाश नाही" हे वाक्य चोरल्या गेलं आहे.

आटपाडीची_सून (६ एप्रिल, १०:४८)

माझं माहेर पुण्याचं, सासर आटपाडी तालुक्यात. लग्न झालं तेव्हा जुनं घर होतं, पांढऱ्या मातीच्या दोन फुटी भिंती आणि वर धाब्याचं छत. मे महिन्यात दुपारी दोनला आत शिरलं की माठात शिरल्यासारखं वाटायचं. दर वर्षी पावसाआधी वर माती टाकायची, चोपायची, भिंती लिंपायच्या. हे सगळं सासूबाई करायच्या, म्हणून आम्हाला गारवा फुकट वाटायचा. त्या थकल्यावर सहा इंची ब्लॉकचं, स्लॅबचं घर बांधलं, फरशी घातली. आता दुपारी सगळं कुटुंब जुन्या घराच्या उरलेल्या एका खोलीत, कडब्याशेजारी, झोपतं.

हळद_बाजार (६ एप्रिल, ११:१५)

अवांतर, पण राहवत नाही. आमच्या हरिपुरात हळदीची पेवं होती ना, तो याच विद्येचा कळस. जमिनीत खोल खड्डा, बाजूनं माती, तोंड बंद. वर एप्रिल असो की डिसेंबर, आत एकच हवामान. ना कीड, ना कुजणं, वर्षानुवर्षं हळद तशीच. २००५ च्या पुरात बरीच पेवं बुडाली आणि मग माल गोदामांकडे, शीतगृहांकडे वळला. तुळसताई, सासूबाईंना पेवात ठेवा असं मी अजिबात सुचवत नाही, गैरसमज नसावा.

बाल्कनीतली_तुळस (६ एप्रिल, ११:५२)

हळद_बाजार, त्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "आधी सुनेला ठेव म्हणावं." 😀

सिव्हिलवाला, हे कुणी सांगितलंच नव्हतं. पण नुसती पश्चिम केली तर पैसे वसूल होतील का?

कुपवाडचा_गारठा (६ एप्रिल, दुपारी १:३०)

मी वीस वर्षं शीतगृहांची कामं करतो. बेदाण्याची, हळदीची, सगळी. आमच्या धंद्यात भिंत म्हणजेच इन्सुलेशन, म्हणून दोन शब्द.

थर्माकोल, म्हणजे ईपीएस, अनेक वजनांत येतो. टीव्हीच्या खोक्यात येतो तो हलका. भिंतीला घनमीटरला निदान २० किलोचा लागतो. कोटेशनमध्ये २० लिहितात आणि बारा-चौदाचा लावतात, रंगानं दोन्ही पांढरेच. ओळखायची युक्ती सांगतो: एक मीटर बाय अर्धा मीटर, दोन इंची बोर्ड घ्या आणि भाजीच्या काट्यावर ठेवा. अर्धा किलो भरला तर २० चा. तीनशे ग्रॅम भरला तर टेम्पो परत पाठवा.

लेस्टरकर (६ एप्रिल, ४:०२)

मूळचा कराडचा, सध्या इंग्लंडात. मौजेची गोष्ट म्हणजे माझं इथलं जुनं घरही नऊ इंची विटेचंच आहे, ताईंच्या घरासारखंच. ते बाहेरून चार इंच लपेटलं तर इथे उपयोग होतो, कारण आत २०, बाहेर ५, असा पंधरा अंशांचा फरक रात्रंदिवस सहा महिने असतो.

पण इथलंही सगळं सुरळीत चालतं असं समजू नका. सरकारी योजनांतून बाहेरून लपेटलेल्या घरांपैकी ९८ टक्के घरांत दुरुस्तीलायक दोष असल्याचं इथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसनं ऑक्टोबर २०२५ च्या अहवालात म्हटलं. पाणी मागे शिरतं, ओल धरते, बुरशी येते. शाहूपुरीकर, तुमचा गवंडी एकटा नाही, त्याचे भाऊबंद इथे भरपूर आहेत.

शाहूपुरी_सातारा (६ एप्रिल, ४:१०)

हे वाचून मला आज पहिल्यांदा बरं वाटलं.

सिव्हिलवाला_मिरज (६ एप्रिल, रात्री ९:४५)

लेस्टरकरांनी पंधरा अंशांचा विषय काढलाच आहे, तर हिशेब करून टाकू.

ताईंच्या वरच्या मजल्याची पश्चिम भिंत खिडकी वजा जाता साधारण ४०० फूट, म्हणजे ३७ चौरस मीटर. प्लास्टर केलेल्या नऊ इंची भिंतीतून एका अंशाच्या फरकाला, एका चौरस मीटरमधून साधारण २.१ वॅट आत येतात. दोन इंची चांगला थर्माकोल लावला की ०.५५ च्या आसपास. फरक १५ अंश धरला तर आधी सुमारे ११६५ वॅट, नंतर ३०५. उष्णता चौथाईवर आली, हे खरंच मोठं आहे.

आता रुपये. वाचले ८६० वॅट. तेवढं उपसायला बरा एसी २५० वॅट वीज खातो. रोज आठ तास, वर्षाला नव्वद रात्री, १८० युनिट. युनिटला १२ रुपये धरा, २१६० रुपये. खर्च? तुमच्याच दरानं ४०० फुटांचे १ लाख १४ हजार. वसुलीला बावन्न-त्रेपन्न वर्षं. चारी भिंतींचं तर बोलायलाच नको.

लेस्टरमध्ये तेच पंधरा अंश चोवीस तास, एकशेऐंशी दिवस. आपल्या सहापट तास. तिथे गणित जुळतं, इथे बिलातून पैसे परत येणार नाहीत. आणि ताईंकडे तर एसीच नाही, म्हणजे वाचायला बिलही नाही. ताई, तुम्ही विकत घेताय ती झोप. तिला किती मोजायचे ते घरात ठरवा, पण "पाच वर्षांत वसूल" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

यजमानपंथी (६ एप्रिल, ९:५८)

बावन्न वर्षं! महाबळेश्वर, महाबळेश्वर.

पाचगणी_रिटायर्ड (७ एप्रिल, सकाळी ६:३०)

महाबळेश्वरचा जप करणाऱ्यांसाठी: तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि भिंतीचं दुखणं उलटं असतं. जुनी माणसं पावसाआधी घराला बाहेरून गवताच्या झडी बांधतात, म्हणजे आडव्या पावसाचा मार भिंतीवर न बसता झडीवर बसतो. मागे हवा खेळती राहते, पाऊस संपला की काढून टाकायची. भिंतीला चिकटून काही लावण्यापेक्षा भिंतीच्या पुढे काहीतरी उभं करणं, हे आपल्या लोकांना फार पूर्वी कळलं होतं. सांगलीत पावसाच्या जागी ऊन धरा.

तासगावचा_बागायतदार (७ एप्रिल, ८:१५)

काकांनी लाखातलं बोललं. मी हेच लिवणार होतो. आवं, बेदाण्याच्या शेडला आम्ही काय करतो? शेडनेट. तासगावात कुठल्याबी शेतीच्या दुकानात मिळतंय, फुटाला तीन ते पाच रुपये. पश्चिमेच्या भिंतीपासनं दोन फूट लांब जीआय पाइपची चौकट उभी करा, ७५ टक्के ऊन अडवणारं नेट ताणा. ऊन भिंतीला शिवायच्या आधीच मरतंय. चारशे फुटाला नेट दोन हजाराचं, पाइप आन वेल्डिंग धरून पंचवीस-तीस हजारात विषय कट. सात लाखांत माझी एक एकर बाग उभी राहती.

भडंग_विथ_कांदा (७ एप्रिल, ८:४०)

दादा, आम्ही गेल्या वर्षी हेच केलं. पण चौकटीऐवजी सुतळी वापरली. पहिल्याच वळवाच्या वादळात नेट उडालं, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीवरून त्यांच्या लग्नाच्या मांडवावर जाऊन बसलं. पाहुण्यांना वाटलं डेकोरेशन आहे. शेजारी अजून बोलत नाहीत.

तासगावचा_बागायतदार (७ एप्रिल, ८:४४)

सुतळी??? 🙏

आयुर्वेदिक_अभियंता (७ एप्रिल, १०:०५)

शेडनेटनं घर पोल्ट्रीसारखं दिसतं हेही लिहा की. त्यापेक्षा चौकटीवर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा. दोन उन्हाळ्यांत भिंत दिसणार नाही.

आटपाडीची_सून (७ एप्रिल, १०:१२)

आणि तिसऱ्या उन्हाळ्यात त्यात साप दिसेल.

कृष्णाकाठ_गावभाग (७ एप्रिल, ११:३०)

सगळे भिंतीच्या मागे लागलेत. ताई, वरच्या मजल्याच्या छताचं काय? बाराशे फुटांची स्लॅब दिवसभर सूर्याखाली उताणी पडलेली आहे आणि चर्चा चारशे फुटांच्या उभ्या भिंतीची. आम्ही दर मार्चमध्ये गच्ची धुऊन कळीचा चुना भिजवतो, त्यात फेव्हिकॉल आणि थोडं पांढरं सिमेंट, कुंच्यानं दोन हात. दोन-अडीच हजारांत होतं. पावसात बरंच धुऊन जातं, पुढच्या मार्चला पुन्हा. दुपारी अनवाणी गच्चीवर जाता येतं, यावरून काय ते समजा. चायना मोझॅक किंवा गच्चीचा तयार पांढरा रंग जास्त टिकतो, पण खर्च दसपट आणि वर.

दुसरं, गावभागातल्या, नदीकाठच्या लोकांसाठी. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमचा तळमजला बुडाला होता. भिंती सुकायला पुढचा उन्हाळा उजाडला. बाहेरून काही चिकटवलेलं असतं तर त्या सुकल्याच नसत्या. पुराची रेघ जिथपर्यंत आहे त्याच्या खाली असलं काही लावू नका.

सिव्हिलवाला_मिरज (७ एप्रिल, ११:४४)

कृष्णाकाठ +१. छत राहिलंच माझ्याकडून. हे आधी, भिंत नंतर.

गॅस_बंद_करा (७ एप्रिल, दुपारी २:२०)

आगीचं कुणी बोललं नाही. लंडनची ग्रेनफेल इमारत, जून २०१७, ७२ माणसं गेली. बाहेरच्या आवरणातून आग वर चढली. थर्माकोलही जळतो. लावायचाच तर आग न पसरवणाऱ्या प्रतीचा घ्या, आणि स्वयंपाकघराच्या एक्झॉस्टभोवती, गिझरच्या नळीभोवती रॉकवूल, म्हणजे न जळणारी दगडी लोकर, घाला.

कुपवाडचा_गारठा (७ एप्रिल, ३:००)

बरोबर. पण तिथल्या पॅनेलांत पॉलिथिनचा गाभा होता आणि इमारत चोवीस मजली. दोन मजली बंगल्यात, वर प्लास्टर नीट असेल तर इतकं घाबरायला नको. उघडा थर्माकोल मात्र कुठेच ठेवू नका.

आणखी एक मार्ग. एकाच खोलीचा प्रश्न असेल तर आतून करा. सासूबाईंच्या खोलीची ती एकच भिंत, बारा बाय दहा, १२० फूट. दीड-दोन इंची एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलचाच जास्त घट्ट भाऊ, वर जिप्सम बोर्ड. परांची नको, वीस-बावीस हजारांत होईल. खोली अडीच इंचानं लहान होते. भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा, नाहीतर आत कुजेल आणि वास येईल.

लेस्टरकर (७ एप्रिल, ५:१५)

आतून केलं की फोटो, घड्याळ काही टांगता येत नाही, हेही ध्यानात घ्या. इथे माझ्या भिंतीवर गेली चार वर्षं एकही खिळा नाही.

बाल्कनीतली_तुळस (७ एप्रिल, रात्री १०:३०)

त्या भिंतीवर सासऱ्यांचा फोटो आहे. आतून करायचा मार्ग बंद. 🙂

मच्छर_मारक (८ एप्रिल, सकाळी ७:०५)

रात्री नऊनंतर खिडक्या उघडायच्या, एक्झॉस्ट लावून आतली हवा बाहेर फेकायची, सकाळी आठला सगळं बंद. आपल्या भागात मेमध्येही पहाट गार असते, त्याचा फायदा घ्या. खिडक्यांना आधी जाळ्या. का ते आयडीवरून कळेलच.

सिव्हिलवाला_मिरज (८ एप्रिल, ७:५०)

आणि ताई, अंदाजानं बोलू नका, मोजा. कोरोनात कपाळावर धरायचं पिस्तूल घरात असेल तर त्यात बहुधा पृष्ठभागाचं तापमान मोजायची सोय असते. ती निवडून रात्री दहाला भिंत आणि छत आतून मोजा, आधी आणि नंतर.

शाहूपुरी_सातारा (८ एप्रिल, ८:३०)

कपाळाच्या सोयीवर ठेवून भिंत मोजली तर भिंतीला ताप आहे असं म्हणेल.

बाल्कनीतली_तुळस (२ जून, रात्री ९:१५)

धागा वर आणते आहे.

पिस्तूल सापडलं. ८ एप्रिलला रात्री दहा वाजता सासूबाईंच्या खोलीतलं छत ३९, भिंत ३७.५. म्हणजे मी भिंतीला हात लावत होते म्हणून भिंत दोषी ठरली, छताला हात पोचत नव्हता!

आधी गच्चीला चुना. साहित्य आणि मजुरी मिळून ४ हजार २००, कारण कुंचा मारायला घरातलं कुणी तयार झालं नाही. मग पश्चिमेला पाइपची चौकट, भिंतीपासून दोन फूट, वेल्डरसकट २७ हजार. नेट तासगावहून आणलं, बागायतदार दादांचे आभार. हिरवं मुद्दाम नाही घेतलं, काळं घेतलं, तरी पोल्ट्रीची आठवण येतेच. चौकटीच्या पायाशी मधुमालती लावली आहे. सापाचं पाहू.

मेच्या शेवटच्या आठवड्यात त्याच वेळी मोजलं, छत ३४, भिंत ३३. दिवस सारखे नव्हते, त्यामुळे शास्त्रीय वगैरे म्हणत नाही. पण परवा सासूबाईंनी पंखा तीनवर आणायला सांगितला आणि यजमानांनी तो दोन वेळा जाऊन तपासला.

थर्माकोल रद्द केला असं नाही. पश्चिमेचं प्लास्टर दोन ठिकाणी फुगलंय, चार-पाच वर्षांत नवं करावंच लागेल. तेव्हा परांची बांधायचीच आहे, तर तेवढी एक भिंत करू, वजनकाटा घेऊन.

तासगावचा_बागायतदार (२ जून, ९:४०)

लई भारी ताई. तेवढं पावसाच्या आधी नेट उतरवून ठिवा, नायतर वाऱ्यात शिड होतंय त्याचं.

बाल्कनीतली_तुळस (२ जून, ९:४६)

उतरवायला शिडीवर कोण चढणार, यावर घरात वेगळा धागा सुरू आहे.

यजमानपंथी (२ जून, ९:४७)

यजमान महाबळेश्वरला गेलेत म्हणून सांगा.